खांद्यातली गाठ आणि दुर्बिणीचं ऑपरेशन: कोणी केलंय का?

कापूसकोंडा · १८ सप्टेंबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी राळेगाव तालुक्यातला, वय ३३. आठ एकर कोरडवाहू आणि जोडीला छोटं कृषी केंद्र. उजव्या खांद्याचं झेंगट चैत्रापासून मागे लागलंय, आता गाडी ऑपरेशनपर्यंत आली म्हणून विचारतो.

खांद्याच्या मागच्या बाजूला, आत खोल कुठेतरी ठणकतं. बोट ठेवून 'इथे' म्हणता येत नाही. युरियाच्या ४५ किलोच्या बॅगा उतरवल्या की रात्री जास्तच. आधी व्हॉलीबॉलवर ढकललं (गावच्या टीममध्ये स्मॅशर आहे, म्हणजे होतो). एका डॉक्टरांनी मानेचा मणका सांगितला, दोन महिने गळ्यात पट्टा बांधून गल्ल्यावर बसलो. मग शेजारच्या गावच्या नस बसवणाऱ्याकडे दोन चकरा. मग आईच्या हट्टापायी बिब्बा. ठणका जिथल्या तिथेच, वरून कातडी भाजली. काळा डाग अजून आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी चालली होती. बायको म्हणाली, त्यांचे झाले, आता तुमचाही शेकून देते. बनियन वर करून हळद-तूप चोळता चोळता तिचा हात थांबला. "इथे खड्डा कसा पडला?" डाव्या पात्यावर मांस भरलेलं आणि उजव्या पात्यावर, मधल्या हाडाच्या कण्याखाली, वाटीसारखं खोल. पाठीमागचं आपल्याला कधी दिसतं का! तिने मोबाइलवर फोटो काढून दाखवला तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला.

यवतमाळला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी कोपर बरगडीला चिकटवायला लावलं, हात पुढे, आणि म्हणाले माझा तळवा बाहेरच्या बाजूला ढकला. डाव्या हाताने ढकललं, ते सरकले. उजवा हात त्यांनी दोन बोटांनी आत दाबला. पन्नास किलोची बॅग उचलणारा माणूस मी!

एक्स-रे साफ. एमआरआयमध्ये लिहिलंय: पॅरालॅब्रल सिस्ट (सांध्याच्या कडेची पाण्याची गाठ), २.४ सेंटिमीटर, स्पायनोग्लेनॉइड नॉचमध्ये (पात्याच्या हाडातली खाच), स्लॅप टेअर (सांध्याची वरची कड फाटलेली), इन्फ्रास्पायनेटस (पात्यावरचा, कण्याखालचा) स्नायू सुकायला लागलाय. दुर्बिणीने ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. सोनोग्राफीत बघून सुईने पाणी काढलं तर भागणार नाही का? आणि किती दिवस घरी बसावं लागतं? कापूस तोंडावर आहे.

वऱ्हाडी ठेचा · १८ सप्टेंबर, रात्री १०:०५

भाऊ, पयले त बिब्बा बंद करजा. माह्या मामाले बी खांद्यावर गाठ हाये, लिंबाएवढी, वरून दिसते. तुमची दिसते काय?

कापूसकोंडा · १८ सप्टेंबर, रात्री १०:११

नाही ना. वरून फक्त खड्डा. गाठ आत, हाडाच्या खाचेत. रिपोर्टवरून हिशोब केला तर गावरान बोराएवढी.

पुणेरी चहा · १९ सप्टेंबर, सकाळी ७:३०

गाठ म्हटल्यावर आधी बायोप्सी नको का करायला? कॅन्सर नाही हे कशावरून?

हाडवैद्य नव्हे · १९ सप्टेंबर, दुपारी २:५०

ड्यूटी संपली, आता सविस्तर लिहितो. मी ऑर्थोपेडिक्समध्ये शिकतोय, गाव अमरावती जिल्ह्यातलं. इथे लिहिलेलं समजून घ्यायला वापरा, निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर बसून घ्या.

आधी पुणेरी चहांचं. एमआरआयमध्ये ही पाण्याची पिशवी आहे हे स्पष्ट दिसतं आणि ती फाटलेल्या कडेला चिकटूनच असते, म्हणून हिच्यासाठी सहसा बायोप्सी लागत नाही. मात्र खांद्याची प्रत्येक गाठ अशीच असते असं समजू नका. घट्ट, वाढत जाणारी गाठ, रोज संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, असं काही असेल तर तपास वेगळा. आपल्याकडे सांध्याचा टीबीही विसरून चालत नाही.

आता कापूसकोंडा. खांद्याचा सांधा म्हणजे बशीत ठेवलेली मोठी गोटी. बशी उथळ, म्हणून तिच्या काठाला रबरासारखी कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. वरची कड जिथे दंडाच्या बायसेप्सची दोरी चिकटते तिथे पुढून मागे फाटली की तो स्लॅप टेअर. हे नाव अमेरिकेतल्या स्नायडर यांनी १९९० मध्ये दिलं. स्मॅश मारणं, फेकणं, हात ताणलेला असताना झटका बसणं, यातून ही कड फाटते. व्हॉलीबॉलवाल्यांमध्ये मागचा स्नायू सुकलेला तर बऱ्याचदा सापडतो, कधी गाठ नसतानाही.

कड फाटली की सांध्यातलं वंगण फटीतून बाहेर झिरपतं. आणि ती फट फूटव्हॉल्व्हसारखी वागते. विहिरीतल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, परत येऊ देत नाही, तसंच. हात हलवला की थोडं बाहेर, परत आत काही नाही. बाहेर पिशवी फुगत जाते.

तिथेच एक नस आहे, सुप्रास्कॅप्युलर. मानेकडून येते, पात्याच्या वरच्या खाचेतून शिरते, एका स्नायूला फांदी देते, मग दुसऱ्या खाचेतून वळसा घेऊन खालच्या स्नायूकडे जाते. गाठ वरच्या खाचेत असेल तर दोन्ही स्नायू सुकतात. तुमची दुसऱ्या खाचेत आहे, म्हणून फक्त कण्याखालचा खड्डा. हात बाहेर फिरवण्याची बरीचशी ताकद त्याच स्नायूची, म्हणून दोन बोटांत हरलात. ही नस कातडीच्या संवेदनेला फारशी जात नाही, त्यामुळे मुंग्या-बधिरपणा येत नाही आणि रोग लवकर ओळखू येत नाही. एक्स-रेमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

सुईने काढता येतं. पण आतला द्रव डिंकासारखा घट्ट असतो, सगळा येतोच असं नाही. आणि आला तरी फट तिथेच आहे. नळी फुटलेली ठेवून डबकं उपसल्यासारखं.

तूरडाळ · १९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:२०

उपसणाऱ्यांपैकी मी. सुईने काढलं, दुसऱ्या दिवशी इतकं बरं वाटलं की डॉक्टरांना पेढे नेऊन दिले. चार महिन्यांत गाठ परत. पेढे गेले ते गेलेच.

व्यायामवाली · १९ सप्टेंबर, रात्री ८:४५

फिजिओथेरपिस्ट आहे, वर्ध्याला. दुसरी बाजूही लिहून ठेवते, नाहीतर रिपोर्टमध्ये 'सिस्ट' वाचून अर्धा विदर्भ ऑपरेशनला धावेल.

एमआरआय दुसऱ्याच कशासाठी केलेला असतो आणि कोपऱ्यात छोटी गाठ सापडते. नस दबलेली नाही, ताकद पूर्ण, दुखणं किरकोळ. अशांना आम्ही काही महिने व्यायाम देतो, पात्याच्या भोवतीचे स्नायू नीट करतो, डोक्यावरचं काम थांबवतो. काही गाठी आपोआप जिरतातही. पण कापूसकोंडा, तुमचा स्नायू सुकतोय. दबलेल्या नसेला व्यायामाने जागा होत नाही. नसेची सुईवाली तपासणी, ईएमजी, झाली का?

जडीबुटी दादा · २० सप्टेंबर, सकाळी ६:१०

हे सगळे कापायलाच बसलेत. निर्गुंडीचं तेल एकवीस दिवस चोळा, गाठ विरघळते. माझ्या साडूची विरघळली.

कापूसकोंडा · २० सप्टेंबर, सकाळी ८:००

दादा, साडूची कुठली गाठ होती, एमआरआय होता का? रागावू नका, पण माझ्या खांद्यावर चोळून झालेल्या वस्तूंची यादी किराण्याच्या यादीपेक्षा मोठी आहे. गाठ हाडाच्या पल्याड आहे हो, तेल तिथवर जाणार कसं!

सेवाग्रामचा पोऱ्या · २० सप्टेंबर, दुपारी १२:१५

राळेगावाहून सेवाग्राम जवळ आहे, सावंगी मेघे पण. दोन्हीकडे मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे. नागपूरला मेडिकल आहे, मिहानमध्ये एम्स आहे. एकदा दाखवून दुसरं मत घ्या, मोठा खर्च करायच्या आधी.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं: रेशनकार्ड, आधार घेऊन भरती व्हायच्या आधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. 'खांद्याचं ऑपरेशन बसतं का' असं मोघम विचारू नका. डॉक्टरांकडून ऑपरेशनचं नेमकं नाव चिठ्ठीवर लिहून घ्या आणि ती चिठ्ठी दाखवून विचारा. अँकरचा (फाटलेली कड बांधायला हाडात बसवतात त्या खिळीचा) खर्च त्यात धरलाय की वेगळा, हेही तिथेच. माझ्या भावाच्या गुडघ्याच्या वेळी आम्ही हे नंतर विचारलं, आणि नंतर विचारून काही उपयोग नसतो.

कापूसकोंडा · ११ ऑक्टोबर, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय, सोयाबीन काढणीत होतो. (एका हाताने. म्हणजे मजुरांवर ओरडायचं काम.)

ईएमजी झाली. पात्यात सुई टोचून 'ताकद लावा' म्हणतात आणि मशीनचा आवाज ऐकतात. चांगल्या स्नायूतून जत्रेतल्या पावसासारखा सडसड आवाज आला, उजव्या मागच्या स्नायूतून तुरळक टपटप. नस मेलेली नाही, पण दबलेली आहे, असं निघालं.

दोन सर्जनना दाखवलं. ऑपरेशन दुर्बिणीनेच, यावर दोघांचं एकमत. पण एक म्हणतात फक्त फाटलेली कड शिवायची, पाणी यायचं थांबलं की गाठ आपली आपण आटेल. दुसरे म्हणतात कड शिवायचीच, पण आत गेलोच आहोत तर गाठही फोडून रिकामी करू, नसेला लगेच मोकळं वाटेल. कोणाचं ऐकू? आणि मी म्हणतोय जानेवारीत करू, कापूस वेचून झाल्यावर.

हाडवैद्य नव्हे · ११ ऑक्टोबर, रात्री ११:३०

दोन्ही पद्धती रूढ आहेत आणि दोन्हींत लोक बरे होतात. गाठ फोडताना हत्यार नसेच्या अगदी जवळ जातं, ही पहिल्या सर्जनची काळजी रास्त. नस बरेच दिवस दबलीय, तिला ताबडतोब जागा हवी, हा दुसऱ्यांचा विचारही रास्त. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: तुम्ही अशी किती केलीत? त्यावर समोरचा किती मोकळेपणी बोलतो, ते बघा.

वय ३३ आहे म्हणून कड शिवणं योग्य. चाळिशीच्या पुढच्यांमध्ये ही कड शिवली की खांदा आखडायची भीती जास्त, तिथे बरेच सर्जन बायसेप्सची दोरी सोडवून खाली दंडाच्या हाडावर बसवतात. इतर वाचणाऱ्यांनी कापूसकोंडाचं ऑपरेशन आपल्याला जसंच्या तसं लावू नये.

जानेवारीचं मात्र पटत नाही. स्नायू फार काळ नसेवाचून राहिला की त्याच्या जागी चरबी भरते, आणि ती भरली की नस मोकळी करूनही मांस परत येत नाही. कापूस दुसरा कोणी वेचेल.

कापूसकोंडा · १२ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

वरचा मजकूर बायकोला वाचून दाखवला. "कापूस दुसरा कोणी वेचेल" इथवर आलो आणि तिने फोन घेऊन भाच्याला कॉल लावला. दिवाळीनंतर करतोय.

कापूसकोंडा · ५ डिसेंबर, दुपारी ३:२०

झालं. २१ नोव्हेंबरला, नागपूरला. डाव्या हाताने टाइप करतोय, चुका पोटात घाला. मला आधी कोणी एवढं सविस्तर सांगितलं असतं तर झोप लागली असती, म्हणून सगळं लिहितो.

रात्री बारापासून उपाशी. सकाळी भूलतज्ज्ञांनी सोनोग्राफीत बघून मानेच्या बाजूला इंजेक्शन दिलं, हात बधिर करायला, आणि मग पूर्ण भूल. पुढचं मला ठाऊक नाही. डॉक्टरांनी नंतर व्हिडिओ दाखवला. पेन्सिलीपेक्षाही बारीक, ४ मिलिमीटरची दुर्बीण, सांधा सलाइनच्या पाण्याने फुगवलेला. आत सगळं पांढरंशुभ्र, पाण्यात बुडलेल्या देवळासारखं. हुकाने कड उचलून दाखवली, खालून फट. फटीतून हत्यार मागे सरकवलं आणि पिवळसर घट्ट द्रव भसकन बाहेर आला. पिकली निंबोळी दाबल्यावर येतो ना, अगदी तसा. एवढ्याशा गराने माझं वर्ष खाल्लं. मग हाडात दोन अँकर बसवून त्यांच्या दोऱ्यांनी कड जागेवर बांधली. बाहेरून तीन छेद, एकेक टाका. बिलात सगळ्यात मोठा आकडा अँकरचाच होता (पोऱ्या, चिठ्ठीवाली युक्ती कामी आली, निदान आधी माहीत तरी होतं).

शुद्धीवर आलो तर बायको रडत होती. माझी उजवी पापणी अर्धी मिटलेली आणि आवाज घोगरा, तिला वाटलं लकवा मारला. नर्स म्हणाल्या, मानेतल्या इंजेक्शनने असं होतं, ते उतरलं की जातं. रात्रीपर्यंत गेलंही. हे आधी सांगायला कोणाचं काय जात होतं! हात तर दुसऱ्या सकाळपर्यंत माझा नव्हताच, झोळीत कोणाचा तरी हात सांभाळायला दिल्यासारखा. बधिरपणा उतरला तेव्हा मात्र ठणक्याने आई आठवली. गोळी हात जागा व्हायच्या आधीच घ्या, हा माझा एकुलता एक सल्ला.

खांदा टम्म सुजला होता आणि पट्टी गुलाबी पाण्याने भिजली. ते आतलं सलाइन गळत असतं, रक्त नव्हे. एका दिवसात थांबलं.

आडवं झोपता येत नाही, अर्धवट बसूनच झोपावं लागतं. आमच्याकडे कुठली आरामखुर्ची! पण पुढच्या खोलीत कापूस भरून ठेवलाय, भाव वाढेल म्हणून. त्या ढिगाला चादर टाकून टेकतो. पुण्या-मुंबईच्या हॉस्पिटलात अशी गादी मिळणार नाही.

व्यायामवाली · ५ डिसेंबर, संध्याकाळी ५:००

गादी मिळणार नाही आणि खाजही मिळणार नाही! अहो, ताज्या टाक्यांना घेऊन साठवलेल्या कापसात झोपता? कापसाची खाज काय असते ते तुम्हाला मी सांगायचं का? धूळ, किडे, सगळं असतं त्यात. आजच तिथून हला. भिंतीला टेकून उशा लावा, काखेत घडी करून टॉवेल.

कापूसकोंडा · ५ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

हललो. (खाज सुटलीच होती, लिहिलं नव्हतं.)

वऱ्हाडी ठेचा · ६ डिसेंबर, सकाळी ९:००

भाऊ, मामाले नेलं होतं. त्याईचं वय ७१. डॉक्टर म्हने ही गाठ वरच्या छोट्या सांध्यावरची हाये, आतली मोठी शीर तुटली म्हून पानी वर चढून फुगलं. सुई टोचाची नाई म्हने, परत भरते आन जखम वाहत राहते. दुखत नाई त राहू द्या म्हने. मामा खुश. मामी नाराज, तिले ते बरं दिसत नाई.

हाडवैद्य नव्हे · ६ डिसेंबर, दुपारी १:१०

बरोबर सांगितलं. ती 'शीर' म्हणजे खांद्याचा कंडरा, रोटेटर कफ. गाठीचा प्रकार वेगळा, पण पाण्याचं मूळ तिथेही आतच आहे.

कापूसकोंडा, ताप, छेदातून पू, किंवा दुखणं कमी होता होता अचानक वाढलं तर थेट हॉस्पिटल. आणि चार आठवडे झोळी म्हणजे चार आठवडे. उजव्या हाताने पाण्याची बादलीसुद्धा नाही, बायसेप्सची दोरी त्याच शिवणीला ओढते.

कापूसकोंडा · ९ जानेवारी, रात्री ८:३०

झोळी सुटली. खांदा लोखंडी झालाय, हात डोक्यापर्यंत जात नाही. फिजिओला आठवड्यातून एकदाच जमतं, एसटीने जाऊन-येऊन दिवस मोडतो. बाकी घरीच: वाकून हात घंटीसारखा हलवणं, भिंतीवर बोटं चढवणं, आणि दाराच्या चौकटीला विहिरीची जुनी कप्पी टांगून डाव्या हाताने दोरी ओढत उजवा वर नेणं. कप्पी कुरकुरते. पोरगं म्हणतं, बाबा पाणी कधी येईल?

रबरी पट्टी आणायला सांगितलीय, ती तालुक्याला मिळाली नाही. सायकलची जुनी ट्यूब चालेल का?

व्यायामवाली · ९ जानेवारी, रात्री ९:१०

चालेल, पण आत्ता नाही, फिजिओ सांगतील तेव्हाच. लांबीत उभी चिरून सपाट पट्टी करा, नळी तशीच वापरली तर हाताला कापते. कोपर आणि बरगडीच्या मध्ये घडीचा टॉवेल, आणि हात बाहेर फिरवायचा, सावकाश. ताण इतकाच की पंधरा वेळा केल्यावर थकवा यावा, ठणका नाही.

कापूसकोंडा · २७ मार्च, रात्री ९:००

चार महिने झाले. आतला तो खोल ठणका पहिल्या आठवड्यातच गेला होता, परत आलेला नाही. हात वर पूर्ण जातो, मागे पाठीला लावताना थोडा अडतो. कालच्या तपासणीत डॉक्टरांनी तीच परीक्षा घेतली, कोपर बरगडीला, ढकला. ते दोन बोटांनी सुरू झाले आणि शेवटी पूर्ण तळवा लावावा लागला. डाव्याइतका जोर अजून नाही.

खड्डा निम्मा भरला असं बायको म्हणते, मी म्हणतो पाव. दोन्ही फोटो शेजारी ठेवून आमचं भांडण चालू आहे. पूर्ण भरेल याची खात्री नाही असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. बॅगा उचलायला अजून दोन महिने मनाई, म्हणून खरिपाचा माल उतरवायला माणूस लावणार. व्हॉलीबॉलच्या मैदानावर जातो, शिट्टी घेऊन उभा राहतो. माझ्या निर्णयांवर दोन्ही टीम सारख्याच चिडतात.

तूरडाळ · २७ मार्च, रात्री ९:३५

मी पण तारीख घेतलीय, एप्रिलची. ती ट्यूब साध्या सायकलची घेतली की पोराच्या छोट्या सायकलची?

कापूसकोंडा · २७ मार्च, रात्री ९:४२

मोठ्या सायकलची, २२ इंची. आधी टाल्कम पावडर लावून घ्या, नाहीतर हाताला काळं लागतं.